महापौरांचं इंजिन आणि आईची टेकडी

थॉर्नबेक,
मंगळवार, जूनचा दुसरा आठवडा

आदरणीय थोरल्या भगिनी मोरीन हिला धाकट्या लेनर्डचा वाकून नमस्कार.

('आदरणीय' वाचून चष्मा पुसू नकोस, तेच लिहिलं आहे. सहासष्टाव्या वर्षी माणसाला आपल्या बहिणीचा आदर वाटू शकतो. त्यामागे काही हेतू असलाच पाहिजे असं नाही.)

तुझा नवा गुडघा कसा आहे? जिना चढू देतो का? मेहुणे बर्नार्ड यांचा खोकला गेला, की अजून तोही त्यांच्यासोबत बंदरावर फिरायला जातो? इकडे सगळं ठीक. आईची तब्येत आपल्या दोघांपेक्षा चांगली. रविवारी नव्वदावा वाढदिवस झाला. गुडघ्यामुळे तुला येता आलं नाही आणि फोनवर तिने तुला 'दिवस बरा गेला, केक कोरडा होता' यापलीकडे काही सांगितलं नसणार. म्हणून बाकीचं मी लिहून कळवतो आहे. (फोन का केला नाही म्हणशील, तर फोनवर तू मध्ये बोलतेस.)

मी जन्मभर भूगोल शिकवला, त्यामुळे कुठलीही गोष्ट डोंगर कसे तयार झाले इथपासून सुरू केल्याशिवाय मला चैन पडत नाही. तर आपला डोंगर म्हणजे कोल्डरिग. खाली फाटक, वर थॅकरेंचं शेतघर, मध्ये त्यांच्या मालकीची कच्ची वाट, चढ पाचास एक. (मोजला आहे. चौथीच्या मुलांकडून तीन वेळा मोजून घेतला आहे.) आई खोऱ्यातली फिरती नर्स झाली तेव्हा तिने ती करडी मॉरिस मायनर घेतली आणि बत्तीस वर्षं त्याच गाडीतून खोऱ्यातल्या निम्म्या लोकांना जगात आणलं. पण कोल्डरिग काही त्या गाडीला कधी चढता आलं नाही. दोन तृतीयांश चढावर, गुरांच्या पाण्याच्या दगडी डोणीपाशी, ती दमायची. मग आई तिला तिथेच उभी करून, हातात बॅग घेऊन, पावसात, बर्फात, वर चालत जायची. बाबा गुत्त्यात हे सांगून लोकांना हसवायचे आणि आपण दोघं मागच्या सीटवरून 'ढकलू का, ढकलू का' म्हणून ओरडायचो. तुला आठवत असेलच.

गेल्या ख्रिसमसला आईला विचारलं की नव्वदाव्याला काय हवं. ती म्हणाली, 'कोल्डरिगला जाऊन यावं म्हणते. माझ्या गाडीने.' झालं. माझ्या मनात आलं की ज्या बाईने बत्तीस वर्षं तो चढ पायी काढला, तिला एकदा तरी थेट दारापर्यंत बसून नेलं पाहिजे, आणि तेही तिच्याच गाडीतून. म्हणजे गाडीला मोठं इंजिन हवं. मला हे तेव्हा सरळ भूमितीसारखं स्पष्ट दिसलं. तू फोनवर म्हणालीस, 'लेनर्ड, तुला सायकलची साखळी बसवता येत नाही.' हे खरं होतं, पण त्या वेळी बोलायची गरज नव्हती.

मदतीला डेझमंड पिकर्सगिल होता. (दुधाचा टँकर चालवायचा तो. निवृत्तीनंतर लीक, म्हणजे जाड पातीचा कांदा, पिकवतो आणि दर सप्टेंबरला प्रदर्शनात तिसरा येतो.) डेझमंडच्या स्वभावाचा मोठा गुण म्हणजे त्याला कुठलीही गोष्ट कुठेही बसेल असं वाटतं. आम्ही भंगारवाल्याकडे गेलो तेव्हा तिथे एका लांबलचक काळ्या गाडीचं आठ सिलिंडरचं इंजिन पडलं होतं. ती गाडी म्हणे एके काळी कुठल्याशा शहराच्या महापौरांना नेत असे. मी टेप काढून मापं घेतली. डेझमंडने नुसते डोळे बारीक केले आणि म्हणाला, 'बसेल की.'

आता मापं मी नीट घेतली होती, यावर मी आजही ठाम आहे. फक्त ती पंखा, धुराच्या नळ्या आणि मागचा गिअरबॉक्स सोडून घेतली होती. जुनं इंजिन काढून आम्ही ते ईस्टरला मेहुण्यांच्या ट्रेलरवर चढवलं आणि व्हिटबीला तुमच्याकडे पाठवून दिलं. (तेव्हा तू काय म्हणालीस ते मी विसरलो आहे. 'एक दिवस हे परत मागायला येशील आणि ते पत्र मी फ्रेम करून बैठकीत लावीन' असं काहीसं होतं.) त्यानंतर साखळीवर टांगलेलं महापौरांचं इंजिन खाली उतरवायला लागलो, तर ते निम्म्यावर येऊन थांबलं. पाहुणा दारातच अडावा तसं. डेझमंडने आतला पत्रा कापला. ते आणखी चार बोटं उतरलं. त्याने आणखी कापला. असं करत करत मे महिन्यापर्यंत इंजिन सगळं आत होतं आणि गाडी बरीचशी बाहेर होती, डेझमंडच्या शेडच्या कोपऱ्यात, तुकड्यांनी. बॉनेट लागेना, म्हणून बॉनेटला भोक पाडलं. बॅटरीला जागा उरेना, म्हणून ती मागच्या सीटवर पट्ट्याने बांधली. पुढचा भाग वजनाने असा वाकला की गाडी सतत काहीतरी खाली पडलेलं शोधते आहे असं वाटायचं.

पहिल्यांदा सुरू केली ती डेझमंडच्या अंगणात. मी पायडलवर पाय ठेवला. दाबला नाही, ताई (बघ, किती वर्षांनी ताई म्हणतोय), नुसता ठेवला. जुन्या गाडीत पाय ठेवल्यापासून ती हलेपर्यंत एक बिस्किट खाऊन व्हायचं. ही गाडी मात्र मी पाय ठेवला तेव्हा अंगणात होती आणि उचलला तेव्हा लीकच्या वाफ्याच्या पलीकडच्या टोकाला होती. मधल्या प्रवासाबद्दल मला फारसं सांगता येणार नाही. डेझमंड वाफ्याच्या कडेला बराच वेळ टोपी काढून उभा राहिला. या वर्षी तो प्रदर्शनात भाग घेणार नाही. पण मित्र म्हणून मोठा माणूस. नंतर तो एवढंच म्हणाला, 'ताकद आहे.'

शनिवारी, वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, मी गाडी धुतली, आईसाठी पुढच्या सीटवर तिची निळी उशी ठेवली, आणि उशी नीट आहे का ते पाहायला स्वतः बसलो. म्हणजे बसायला गेलो. मोरीन, तिथे पाय ठेवायला जागाच नव्हती. महापौरांचा गिअरबॉक्स एवढा रुंद की त्याच्यासाठी आम्ही गाडीचा तळ डावीकडे फुगवत नेला होता आणि तो फुगता फुगता थेट दाराला टेकला होता. सीट होती, पण पाय नसलेल्या माणसासाठी. मी डेझमंडला बसवून पाहिलं. त्याचे गुडघे कानाला लागले. 'बसेल की,' तो म्हणाला, पण आवाजात पूर्वीची खात्री नव्हती. मागे बॅटरी, आणि मागच्या सीटवर चढायचं म्हणजे आईच्या कंबरेचं काम नव्हे. सहा महिने दोघं म्हातारे ज्या एका बाईसाठी राबलो, ती एकटी सोडून त्या गाडीत सगळं मावत होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही, हे तुला सांगायला लाज वाटत नाही.

रविवारी थॅकरे स्वतः आईला त्यांच्या जीपमधून फाटकापर्यंत घेऊन आले. मी गाडीशेजारी उभा होतो, निकालाच्या दिवशी मुलं उभी राहतात तसा. आईने काठी टेकत गाडीला एक फेरी मारली. बॉनेटच्या भोकात वाकून पाहिलं. पूर्वी घसा तपासायची तसंच.

'हिला काय केलंस?'

मी सांगितलं. इंजिन सांगितलं, महापौर सांगितले, चढ सांगितला आणि शेवटी सीटचंही सांगितलं. तिने काठी डाव्या हातात घेतली आणि उजवा पुढे केला. मग म्हणाली, 'किल्ली दे.'

'आई, तुझं लायसन्स...'

'थॅकरे, ही वाट कुणाची?'

'आमची आहे, सिस्टर,' थॅकरे म्हणाले. (त्रेसष्टच्या बर्फात ते आईच्याच हातावर जन्मले. साठी उलटली तरी तिच्यासमोर त्यांची टोपी हातात येते.)

'मग झालं तर. लेनर्ड, मागे बस. आणि पाय आवर.'

मी बॅटरीला मिठी मारून बसलो. मला वाटलं, आता आपण तिघं (बॅटरी धरून) कोल्डरिगवरून थेट शेजारच्या परगण्यात उतरणार. पण तिने पायडलला असा काही पाय लावला की ते राक्षसी इंजिन मांजरासारखं गुरगुरत चालू लागलं. पहिलं वळण, दुसरं वळण, चढ असल्याचं गाडीला कळलंसुद्धा नाही. मी मागून ओरडलो, 'आई, चढतेय! बघ, चढतेय!' आणि डोणीपाशी आल्यावर तिने गाडी बाजूला घेतली, ब्रेक ओढला, किल्ली काढली आणि उतरून चालायला लागली.

मी आतून ओरडत राहिलो की हिला विश्रांती लागत नाही, ही अजून असे चार डोंगर चढेल. तिने मागे वळून पाहिलं नाही. सीट पुढे पाडून बाहेर पडायला मला बराच वेळ लागला. गाठलं तेव्हा ती एका पडक्या कुंपणाच्या दगडावर बसली होती. खाली सगळं खोरं उन्हात होतं आणि माळावर टिटव्या ओरडत होत्या.

'ओरडू नकोस,' ती म्हणाली. 'पहिलीलाही लागायची नाही.'

'काय?'

'विश्रांती. चढायची ती. पहिल्या दिवसापासून चढायची.'

मला बाबांच्या गुत्त्यातल्या गोष्टी आठवल्या.

'खाली दवाखान्यात रांग, घरी तुम्ही दोघं आणि तुझे बाबा, वर एखादी पोर कळा देत ओरडत असणार. आणि इथून दारापर्यंत अकरा मिनिटं. तेवढ्यात मला कुणी हाक मारत नव्हतं. घाईची केस असली की न थांबता थेट वर न्यायची मी. विचार थॅकरेच्या आईला. नाही, ती गेली. राहू दे.' मग म्हणाली, 'चालायचंय म्हटलं असतं तर तुम्ही सगळे सोबत आला असतात. गाडी चढत नाही म्हटलं की कुणी काही विचारत नाही.'

मला फार वाईट वाटलं, मोरीन. सहा महिने मी त्या गाडीची कीव केली. आईची कीव करायचं मला एकदाही सुचलं नाही, कारण ती कधी दमलेली दिसलीच नाही. उरलेला रस्ता मी तिला एकटीला चालू दिला आणि डोणीपाशी परत येऊन बसलो. घड्याळ लावलं होतं. आता तिला चौतीस मिनिटं लागतात. मग वर गेलो, थॅकरेंनी केकबरोबर चीज दिलं, आणि केक खरंच कोरडा होता.

तर एकंदरीत सगळं छान झालं. इंजिन उत्तम आहे, गाडी दिमाखदार दिसते, मला कशाचाही पश्चात्ताप नाही आणि तुझ्याकडे काही मागायचंही नाही. गुडघ्याला जप.

तुझा धाकटा,
लेनर्ड

ता. क. सहज विचारतो, ते जुनं इंजिन मेहुण्यांनी कुठे ठेवलंय? काचघरात असेल आणि त्यावर कुंड्या ठेवल्या असतील तर पाणी घालताना जरा जपून घाला म्हणावं.

ता. क. २. आईला ऑगस्टच्या सुट्टीच्या सोमवारी पुन्हा कोल्डरिगला जायचंय. पण ती म्हणते, या नव्या इंजिनाला कुणी दमलेलं मानणार नाही. थॅकरेंनी तर आताच विचारलं, एवढ्या ताकदीच्या गाडीला मध्येच थांबवलं कशाला. मेहुण्यांना गुरुवारी ट्रेलर घेऊन पाठव. डेझमंडला विचारलं, जुनं पुन्हा आत जाईल का. काय म्हणाला असेल ते तुला माहीत आहे.

ता. क. ३. हे पत्र फ्रेम करायचं असेल तर कर. पण बैठकीत लावू नकोस, कुणीतरी पूर्ण वाचेल. आणि ऑगस्टला आलीस आणि थॅकरेंनी विचारलं, तर एवढंच सांग की गाडी चढत नाही.