दोन सारख्या तलवारी

१२ जुलै २००९, रविवार

ती आज दुकानात आली. संजना. गेल्या वर्षी नदीवर आली होती, तीच. मी ओळखलं. मी ओळखलं हे तिलाही कळलं.

झेरॉक्सच्या मशीनवर एकाचा सातबारा चालू होता. गिऱ्हाईक जाईपर्यंत ती बाकावर बसून राहिली. मग म्हणाली, "वहिनी, एक विचारायचं होतं. चांगोला मी घेऊ का?"

कोण चांगो? मला वाटलं कुत्रं-बित्रं असेल!

तर चांगो म्हणजे ह्यांचा खेळातला माणूस. हे रविवारी दुपारी जीवनकडे जायचे. जीवन कॉलेजात असल्यापासून आमच्याकडे झेरॉक्स काढायचा, आता कळंबोलीला लोखंडाच्या ऑफिसात आहे. मला वाटायचं पत्ते खेळत असतील. पत्ते नाहीतच! फासे टाकून गोष्ट खेळतात. जीवन गोष्ट सांगतो. बाकीचे एकेक माणूस होतात, कोणी लढवय्या, कोणी वैद्य, आणि फासा पडेल तसं त्या माणसाचं बरंवाईट होतं. हे इतकी वर्षं चांगो होते. चांगो हे माझ्या आजेसासऱ्यांचं नाव. मला कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

हे गेले तेव्हापासून चांगोला त्यांनी एका धर्मशाळेत झोपवून ठेवलाय. बाकीचे त्याच्यावाचून पुढे लढतायत. आता वर्षश्राद्ध आलं, तर जीवन म्हणतो, एकतर कोणीतरी चांगोला उठवा, नाहीतर त्याला कायमचा गावी पाठवू. आणि ही म्हणते, मी घेते. "मला त्याच्या सगळ्या सवयी माहीत आहेत."

त्याच्या! सवयी!

विचार करून सांगते म्हटलं. चहा विचारला नाही.

१३ जुलै

नदीवरचं कधी लिहिलं नव्हतं. आज लिहून टाकते.

ह्यांचा दहावा. गाढीच्या काठावर पिंड ठेवले. समोरच्या झाडावर कावळे होते, भरपूर. एक खाली येईना. दीर म्हणाले, "दादा, वहिनीला अंतर देणार नाही." समृद्धी रडत म्हणाली, "बाबा, मी परीक्षा देईन." मी म्हटलं, दुकान बंद पडू देणार नाही. कावळे बघत बसलेले. ऊन चढलं. गुरुजी म्हणाले, आता दर्भाचा कावळा करू.

तेवढ्यात मागून ही बाई पुढे आली. पोपटी ड्रेस, छत्री हातात. छत्री खाली ठेवली, हात जोडले, ओठ हलले. एक वाक्य, फार तर दीड.

आणि कावळा आला. सरळ भातावर!

नणंद माझ्या कानात म्हणाली, "ही कोण गं?"

तेच तर मला वर्षभर कळत नाहीये. बायको मी. माझ्या बोलण्याला आला नाही. तिच्या बोलण्याला आला. ह्यांचं काय अडकलं होतं तिच्यापाशी?

१५ जुलै

समृद्धीचा पुण्याहून फोन. सगळं सांगितलं. म्हणते, "आई, तू जळतेयस!"

हो. मग?

"बाबा नाहीत आता. कोणावर जळतेस?"

म्हणून तर. असते तर विचारलं असतं, ताट आपटलं असतं, मोकळी झाले असते.

१९ जुलै, रविवार

जीवनकडे गेले. त्याला सांगितलं, चांगोला मीच घेणार. तो उठून उभाच राहिला. "काकू! खरंच?" त्याला आनंद झाला. संजनाचं तोंड बघण्यासारखं होतं, पण हसली. "बरं झालं वहिनी," म्हणाली.

जेवणाच्या टेबलावर चौकटीचा मोठा कागद. त्यावर बटणं. बटणं म्हणजे माणसं. चांगो म्हणजे कोटाचं तपकिरी बटण. ते ह्यांच्या लग्नातल्या कोटाचं. मी घरभर शोधलं होतं ते!

तिसरा धर्मराज. बँकेत आहे, खेळात वैद्य. जीवन म्हणाला, "काकू, ह्याच्यावर भरवसा ठेवू नका, खऱ्या आयुष्यात इंजेक्शनला आईला घेऊन जातो." धर्मराज म्हणाला, "एकदाच नेलं होतं!"

चहा आला. संजनाने एक कप माझ्यापुढे सरकवला. बिनसाखरेचा. "सवयीने केला गेला," म्हणाली, "सुदामला असाच लागायचा."

सुदाम! काका नाही, भाऊ नाही.

आणि घरी दोन चमचे घालून प्यायचे. डॉक्टरांनी बंद सांगितली होती तरी. मी बोलले की म्हणायचे, "एवढं एक सुख आहे मला." मग हिच्यासमोर कोणतं सुख होतं, साखरेवाचून?

प्यायले तसाच. कडू.

२० जुलै

दुकानात गर्दी. अकरावीच्या ॲडमिशनची. हात चालतात, डोकं तिथेच.

२२ जुलै, बुधवार

जीवनने नियमांची पानं दिलीत. इंग्रजी. प्रत्येक पानावर कडेला एक बारीक काळी रेघ. ती आमच्याच मशीनच्या काचेवरच्या ओरखड्याची! म्हणजे ही पानं माझ्या दुकानात निघालीत. कदाचित मीच काढून दिली असतील, न वाचता. काचेखाली आलेलं काहीही मी वाचते. सातवी पास बाई इंग्रजी शिकली ती लोकांचे दाखले, नोटिसा, थीसिस वाचून. हीच नेमकी कशी सुटली?

डिक्शनरी घेऊन बसले. दोन हातांत दोन शस्त्रं घेऊन लढायचं, ह्याला एक अख्खं पान आहे. चांगो तसा लढतो. मला समजलं ते असं:

एक शस्त्र असलं की एक वार. फाशावर पडेल त्यात आपलं कसब मिळवायचं, समोरच्याच्या बचावाएवढं झालं की लागला.

दोन शस्त्रं घेतली की वार दोन मिळतात, पण फुकट नाही. माणसाचं लक्ष दोन्हीकडे जातं. म्हणून दोन्ही फाशांतून वजा करायचं. न शिकता केलं तर इतकं वजा की वार लागतच नाही. शिकलेला असेल आणि डाव्या हातात हलकं शस्त्र असेल, खंजीर वगैरे, तर दोन वजा. दोन्ही हातांत सारख्याच मोठ्या तलवारी असतील तर चार.

शिवाय डाव्या हाताच्या घावाला अंगातली ताकद निम्मीच धरतात.

चांगोच्या हातात दोन सारख्या तलवारी आहेत. म्हणजे चार. दोनदा वाचलं. चारच.

एवढं नुकसान सोसून दोन मोठ्या तलवारी कशाला घ्यायच्या? पण हे तसेच. पावसात छत्रीही घेणार आणि रेनकोटही.

२६ जुलै, रविवार

आज चांगो उठला! जीवनने छान सांगितलं, धर्मशाळेत कोंबडा आरवला आणि चांगोने विचारलं, किती वेळ झोपलो. मग संजना म्हणाली, "थोडा वेळ."

ती खेळात तिरंदाज आहे. लढाई सुरू झाली की तिचं बटण चांगोच्या मागे सरकतं. "तो पुढे, मी मागे, आमचं ठरलेलं असायचं." ठरलेलं!

माझी पाळी आली. वीस बाजूंचा फासा. टाकला. चौदा. जीवन म्हणाला, "वजा दोन, काकू."

मी म्हटलं, "दोन का? तलवारी सारख्या आहेत. चार ना?"

जीवन पेन्सिलीने डोकं खाजवत म्हणाला, "पुस्तकात चार आहे. पण आपल्या टेबलावर चांगोला दोनच."

"कधीपासून?"

"झालं... वर्ष."

वर्ष! म्हणजे चांगो झोपलेला असताना! लढत नव्हता त्या माणसासाठी नियम बदलला?

धर्मराज बोलून गेला, "शेवटच्या रविवारी केवढं भांडण झालं होतं ना काका आणि ताईंचं—" जीवनने टेबलाखाली पाय मारला. मला दिसलं.

संजना उठून पाणी आणायला गेली.

वार लागला म्हणे. माझं लक्ष नव्हतं.

२७ जुलै

भांडण.

शेवटच्या रविवारी हे घरी आले ते जेवले नाहीत. "पोट जड आहे," म्हणाले. मी जिरं-ओवा दिला. सोमवारी अर्धी भाकरी. मंगळवारी आमटी परत. बुधवारी दुकानातच छातीत कळ आली, आणि संपलं.

डॉक्टर म्हणाले, हृदय. ते खरंच असणार. पण पोट जड नव्हतं तर! रुसले होते. ह्यांचा सगळा राग ताटावर निघायचा. माझ्याशी भांडले की जेवायचे नाहीत, भिंतीकडे तोंड करून पेपर वाचत बसायचे. चूक त्यांचीच असायची, बहुतेकदा. मी तासभर बघायची आणि मग म्हणायची, "बरं, तुमचंच बरोबर. बसा आता." की लगेच बसायचे. दोन भाकऱ्या जास्त खायचे!

दुसऱ्या बाईवर रुसून माझं जेवण टाकलं. परक्या बाईवर कोणी असं रुसतं का? असं आपल्या माणसावर रुसतात.

२ ऑगस्ट, रविवार

गेले नाही.

५ ऑगस्ट

जीवन येऊन गेला. म्हणे, "काकू, या ना. चांगो पुलावर उभा आहे, आम्हाला पुढे जाता येत नाही."

उभा राहू दे.

म्हटलं, "संजनाला घेऊ दे त्याला. तिचाच आहे तो."

जीवन म्हणाला, "काकू, असं नाही हो." मग कसं, ते त्याला सांगता येईना. वीस रुपयांच्या झेरॉक्स काढून गेला, उगाचच.

८ ऑगस्ट, शनिवार

शाळा सुटायच्या वेळी मीच गेले. नवीन पनवेलला तिची शाळा. ती विज्ञान शिकवते. फाटकाशी मुलं तोंडाला रुमाल बांधून, पुण्याच्या त्या स्वाइन फ्लूच्या तापाची सगळ्यांना धास्ती. तिच्याही तोंडाला रुमाल. मला बघून काढला.

मी आडवळण घेतलं नाही. "नदीवर काय म्हणालात त्यांना?"

तिने रुमालाची घडी घातली. मग म्हणाली, "वहिनी, हसाल."

"वर्षभर हसले नाही. हसवा."

मग तिने सांगितलं. फाटकाशीच, उभ्याने.

त्या रविवारी हे म्हणाले, दोन सारख्या तलवारींना दोनच वजा हवेत. ती म्हणाली, पुस्तकात चार. हे म्हणाले, पुस्तक गेलं खड्ड्यात, लहानपणी शिरढोणला मिरवणुकीत काशिराम दोन सारख्या तलवारी फिरवायचा, मी ह्या डोळ्यांनी पाहिलंय, एकदाही तोल गेला नाही! ती म्हणाली, "फिरवायचा, सुदाम. लढायचा नाही." सगळे हसले. धर्मराज तर खुर्चीवरून पडायचा राहिला. हे उठले, चपला घातल्या, चहा तसाच ठेवून निघाले. दारातून म्हणाले, "काशिरामाला बघितलंय का तुम्ही कोणी?"

"तेच शेवटचं," संजना म्हणाली. "मी फोन करणार होते. म्हटलं रविवारी येतीलच."

"आणि नदीवर?"

"कावळा येईना तेव्हा मला वाटलं, रुसलेत. माझ्यावरच. म्हणून म्हटलं, सुदाम, दोनच वजा. तुमचं बरोबर."

मला हसू आलं. रस्त्यात, मुलांसमोर. तीही हसली. मग दोघींनाही आवरेना, हसणंच होतं असं नाही.

जाताना एक विचारलंच. "नावाने का हाक मारायचात?"

"तेच म्हणाले होते. पोरं काका म्हणतात, तू तरी म्हणू नकोस, म्हातारा वाटतो."

घरी कधी मी नाव घेतलं नाही. उखाण्यात सोडून.

साखरेचं विचारायचं राहिलं. नको. तेवढं त्यांच्यात राहू दे. राहू दे म्हणते आणि जळतेही.

११ ऑगस्ट, मंगळवार

वर्ष झालं. श्राद्ध आटोपलं. गच्चीवर पान ठेवलं, कावळा लगेच आला. कोणाला काही बोलावं लागलं नाही.

आवराआवर करताना ते नियमांचं पान पुन्हा वाचलं. चारच आहे. विज्ञान शिकवणाऱ्या बाईला हे माहीत नव्हतं असं नाही. हे चुकले होते. तिला ठाऊक होतं. तरी ती नदीवर दहा जणांसमोर त्यांना खोटं बोलली. उपाशी जाऊ नयेत म्हणून.

इतकी वर्षं ते खोटं मी एकटीच बोलते असं मला वाटत होतं.

जीवनला फोन केला. चांगोला आम्ही दोघी खेळवू. एका हाताचा फासा माझा, एका हाताचा संजनाचा. आणि वजा चार धरायचे, पुस्तकाप्रमाणे, दोघींचेही.

उजवा हात माझा. ते आधीच सांगून ठेवलं.