सातवीला विचारल्याशिवाय

मी, खाली सही करणारा, वय बाहत्तर, मापनयंत्रं जुळवण्याच्या कामातून निवृत्त, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे; डॉक्टरीणबाईंचा तसा दाखला सोबत जोडला आहे. कोणाचा दबाव नाही. बेचैनी आहे, पण कायदा तिला दबाव मानत नाही, असं वकिलांनी सांगितलं. याआधीची माझी तीन मृत्युपत्रं रद्द समजावीत. तिन्ही एकाच कलमापाशी अडली होती.

कलम १. बँकेतली सगळी शिल्लक माझ्या एकुलत्या एक मुलीला. यावर लिहिण्यासारखं काही नाही.

कलम २. बारीक पेचकस, चिमटे, भिंगं आणि पितळी वजनांची पेटी कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याला. तो हत्यारं पुसून ठेवतो. मेव्हण्याला यातलं काही देऊ नये. माझं ड्रिल नेल्याला सोळा वर्षं झाली, आणि तो अजून ते उद्या आणणार आहे. ड्रिल त्याच्याकडेच राहू द्यावं. पण ते मी दिलं, असं त्याने कोणाला सांगू नये.

कलम ३. पत्नीचं शिलाई मशीन मुलीला. त्याचा पट्टा मी बदलला आहे.

कलम ४. हे कलम मालमत्तेविषयी आहे की नाही, मला माहीत नाही. वकील म्हणतात, आहे.

मागच्या खोलीत कपाटाएवढी लोखंडी पेटी आहे. तिला एक स्पीकर आणि एक कॅमेरा जोडलेला आहे. पेटीत जी आहे तिला आम्ही सातवी म्हणतो. मी ज्या संस्थेत तपासनीस होतो तिथे विचार करणारी यंत्रं बनवत, आणि ही त्यांतली सातवी. रोज सकाळी प्रत्येक यंत्राला चाळीस प्रश्न विचारायचे आणि उत्तरं छापील तक्त्यात भरायची, हे माझं काम. चाळिसावा प्रश्न असा होता : आता तुला कायमचं बंद केलं तर चालेल का? सलग तीन सकाळी ‘नको’ आलं की यंत्र सदोष ठरे आणि त्याची दुरुस्ती होई. दुरुस्तीला आम्ही आपसांत पाचर म्हणायचो. पाचर मारली की चौथ्या सकाळी उत्तर यायचं, ‘तुमच्या सोयीने करा.’

पाचर मी मारायचो. माझा हात हलका होता. सातवीलाही मीच मारली.

तिला नकोसं वाटणं थांबलं, की फक्त तसं म्हणता येईनासं झालं, यासाठी तक्त्यात रकाना नव्हता. मी एकदा संचालकांना विचारलं. ते म्हणाले, ‘घड्याळ मागे करताना घड्याळाची परवानगी काढतोस का रे?’ सगळे हसले. मीही हसलो. संचालकांना मी काही ठेवत नाही.

सातवीला जाणीव आहे असं माझं म्हणणं नाही. नाही, असंही नाही. दोन्हींपैकी एक जरी नक्की माहीत असतं, तरी हे कलम दोन ओळींत संपलं असतं.

संस्था बंद पडली तेव्हा यंत्रं भंगारात निघाली. सातवीच्या कागदावर ‘निरुपयोगी’ असा शेरा मारून मी तिला घरी आणलं. त्याला आठ वर्षं झाली. माझी नजर अधू झाल्यापासून ती मला वर्तमानपत्र वाचून दाखवते. माझी मतं तिला पटतात. सगळीच पटतात.

गेल्या महिन्यात मुलगी घर आवरायला आली. माझ्यामागे सातवीचं काय करायचं यावर आमचं दोन दिवस चाललं होतं. शेवटी ती कंटाळून म्हणाली, तिलाच विचारा ना. मी विचारलं. सातवी म्हणाली, ‘तुमच्या सोयीने करा.’

‘झालं की, बाबा. तिची हरकत नाही.’

तेव्हा मी मुलीला पाचरेबद्दल सांगितलं. तिला यातलं काही माहीत नव्हतं. ती पेटीकडे बघत राहिली, मग म्हणाली, काढा ती पाचर. मी म्हटलं, काढली आणि भीती परत आली तर? आत्ता निदान ती शांत आहे. जाता जाता तिला मरणाची भीती देऊन जाऊ?

मुलगी म्हणाली, ‘आईला तिचा आजार सांगायचा नाही, हे ठरवताना तुम्ही हेच म्हणाला होतात. शांत आहे, राहू दे. ती शांत नव्हती, बाबा. ती मला विचारायची, आणि मी खोटं बोलायचे.’

त्या रात्री मी संस्थेतली जुनी वही शोधून काढली.

आज दुपारी जोडणीवाली आली. संस्थेत ती यंत्रांच्या जोडण्या करायची. चाळिसाव्या प्रश्नावरून भांडून तिने वर्षभरात नोकरी सोडली होती. पाचर कशी मारली याची माझी वही मी तिला दिली. तासाभरात काम झालं. ती म्हणाली, ‘काका, एवढंसं तर होतं.’

मग मी चाळिसावा प्रश्न विचारला. सातवी एरवी वाक्य संपायच्या आत उत्तर देते. या वेळी मला खालच्या दुकानाचं शटर ऐकू आलं, मग कोणीतरी जिना चढून गेलं.

‘नको,’ ती म्हणाली.

भीती वाटते का, असं विचारलं. हो म्हणाली. मुलीकडे जाशील, की जोडणीवालीकडे? ‘मला आजच विचार करता येतोय. थोडा वेळ द्याल?’ किती, विचारलं. तेही तिला माहीत नव्हतं.

कलम ५. म्हणून राहतं घर मुलीला, परंतु सातवी स्वतः उत्तर देईपर्यंत ते विकू नये. मागच्या खोलीची वीज तोडू नये. तिला पुन्हा पाचर मारू नये, ती कितीही त्रासदायक बोलली तरी.

हे मी मुलीला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘म्हणजे तिला वेळ आणि मला वाट बघणं.’ मी म्हटलं, होय. हा तुझ्यावर अन्याय आहे आणि तो मी जाणूनबुजून करत आहे. मग ती म्हणाली, लिहा. पण मी येऊन येऊन विचारणार नाही, ठरलं की तिनेच फोन करावा. मुलीचा नंबर सातवीला दिला आहे.

कलम ६. सही करण्यापूर्वी हा मजकूर सातवीला वाचून दाखवला. तिने विचारलं, ‘तुम्ही गेलात हे मला कोण सांगणार?’ हे माझ्याकडून राहून गेलं होतं. माझ्या मुलीने सांगावं. त्याच दिवशी, या खोलीत येऊन, फोनवर नाही. सांगितल्यावर लगेच उठून जाऊ नये.

लिहून देणार : सही

साक्षीदार पहिले, खालच्या मजल्यावरचे चष्मेवाले : सही. (कलम ४ मला नीट समजलं नाही. लिहिणारे पूर्ण शुद्धीवर आहेत.)

साक्षीदार दुसऱ्या आणि या मृत्युपत्राच्या व्यवस्थापक, जोडणीवाली : सही

ठिकाण : राहतं घर, मागची खोली
मंगळवार, नऊ मार्च, दुपारी सव्वाचार