ग्रहण पाहिलं साहेबांनी

घाटकोपर, १७ ऑगस्ट १९५५

तीर्थस्वरूप मामांच्या पायांशी धाकूचा दंडवत. इकडे माझे डोळे सोडून बाकी सगळं खुशाल आहे. आपल्या गुडघ्यांची खुशाली कळवावी, मात्र अक्षर जरा ठसठशीत काढावं.

डोळ्यांचं असं झालं. आमच्या कारखान्यात वेल्डिंग करताना तोंडासमोर धरायची काळी काच एकच. ती जूनमधल्या सूर्यग्रहणाला साहेब घरी घेऊन गेले. (ग्रहण गेलं ढगांत आणि काच गेली त्यांच्या कपाटात.) मी विचारलं तर म्हणाले, "डोळे किलकिले करून काम कर ना! दोन दिवसांचा तर प्रश्न." मी पडलो आज्ञाधारक, केले किलकिले. संध्याकाळपर्यंत डोळ्यांत कुणी वाळू ओतल्यासारखं झालं. ग्रहण बघायची हौस साहेबांची, लागलं मला! कारखान्याचे डॉक्टर थेंब घालून म्हणाले, आठवड्यात बरं वाटेल. (कोणत्या आठवड्यात, ते सांगायचं राहिलं असावं.) शेजारच्या शुभावहिनींनी डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवायला लावल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे बटाट्याची भाजी होती, मी ती खाल्ली नाही. आता दोन महिने झाले. उजेडाकडे पाहिलं की धारा लागतात आणि समोरचं माणूस नुसतं धुरकट दिसतं.

अशा थाटात रविवारी, आपण ठरवल्याप्रमाणे, मुलुंडला मालनला 'पाहून' आलो. त्यांनी मानाने मला खिडकीसमोर बसवलं. झालं, लागली धार! मुलीचे वडील गहिवरले, "पोरगो किती हळवो!" म्हणत स्वतःही डोळे पुसू लागले. मग मी समोरच्या पिवळ्या लुगड्याकडे बघून, मान खाली घालून, मुलगी पसंत असल्याचं सांगितलं. ती तिची आत्या होती.

मामींना नमस्कार.

आपला भाचा,
धाकू

ता. क. मुलीकडचे साखरपुड्याची तारीख विचारताहेत. आपण त्यांना मुलगा 'डोळस' आहे असं लिहिलं होतं. तेवढा शब्द मागे घेऊन खरं काय ते कळवा. माझ्या तोंडून निघालं नाही, लाज वाटते.

आणखी एक. चहा देताना बाकीच्यांचे कप मालनने स्टुलावर ठेवले. माझा मात्र हातात दिला आणि माझी बोटं कपाच्या कानाला नीट लागेपर्यंत सोडला नाही. हळूच म्हणाली, "गरम आसा, सांभाळून." तिला कळलंय, मामा, आणि तिने कुणाला सांगितलेलं नाही. नकार आला तर येऊ दे. होकार आलाच, तर मामींनी तिला लहानपणापासून पाहिलंय. ती दिसते कशी, तेवढं त्यांना विचारून कळवा.