मसाज नाय, नुसतं चोळलं

२ फेब्रुवारी
महाडला मेहविश मॅडमच्या स्किन क्लिनिकमध्ये रुजू झाले. पद : समुपदेशक. सध्या ट्रायलवर. महिनाअखेर मॅडम ठरवणार, पक्की की घरी. घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट असल्याने घरी बसणं हा पर्यायच नाही. आईने आमच्या नाते या गावात घरोघरी सांगितलं, "आमची अक्षदा डॉक्टरीण झाली." दुरुस्ती केली नाही. लोकांचा आनंद हिरावणं माझ्या तत्त्वात बसत नाही.
संकल्प : तालुक्यात शास्त्रीय दृष्टिकोन रुजवणे.

४ फेब्रुवारी
मॅडमच्या नियमांचा फलक लिहिला. कपाळावरच्या आठ्या घालवायचं इंजेक्शन घ्यायचं असेल, तर मसाज आधी, इंजेक्शन नंतर. त्यानंतर दोन आठवडे चेहऱ्याला मसाज बंद, नाहीतर औषध भलत्या स्नायूत सरकतं. चार तास आडवंही व्हायचं नाही. मॅडम म्हणाल्या, "अक्षर छान आहे." मजकुराबद्दल बोलल्या नाहीत. म्हणजे निर्दोष.

६ फेब्रुवारी
आमच्या गावच्या साळूबाई परत आल्या. कालच इंजेक्शन घेतलेलं, आज कपाळ तेलाने चकचकीत. फलकाकडे बोट केलं. तर म्हणतात, "मसाज कुठं केला गो? नुसतं चोळलं." म्हटलं, तेच ते. "तेच कसं? मसाज पार्लरात करतात. घरात चोळतात."
अज्ञान किती खोल असतं!
संकल्प : आमच्या नाते गावातल्या बायकांच्या बचत गटात व्याख्यान. मॅडम म्हणाल्या, त्यातून पेशंट आले तर नोकरी पक्की.

१० फेब्रुवारी
व्याख्यात्याला स्वानुभव हवा. मॅडमकडे इंजेक्शन मागितलं. म्हणाल्या, तुला आठ्याच नाहीत. घालून दाखवल्या. शेवटी कंटाळून टोचलं. घरी सांगणार नाही.

संध्याकाळी
एसटीत जागा असूनही ताठ उभी राहून आले. शिस्त म्हणजे शिस्त. घरी आईला कपाळावरचे ठिपके दिसले. "डास चावलेत गो तुला," म्हणत खोबरेल घेऊन बसली. गावातल्या बाळंतिणी नि बाळं आईच चोळते. तिच्या हाताखाली भोकाड पसरलेली पोरं गप्प होतात. कडाडून विरोध करणार होते. झोप लागली. आडवीच.

११ फेब्रुवारी
शांतपणे विचार केला. मसाज ही प्रशिक्षित व्यक्तीने करायची प्रक्रिया आहे. आईने केलं ते तेल लावणं. शिवाय हेतू डासांवर उपचार. नियम मोडलेला नाही.

१२ फेब्रुवारी
पुन्हा तेल लावलं. फारच बरं वाटलं.

१५ फेब्रुवारी
डावी पापणी जड. वाचन वाढलंय.

१६ फेब्रुवारी
पापणी अर्ध्यावर आली. आई म्हणते, "दिष्ट लागली. डॉक्टरीण झालीस ना!" मीठ-मिरच्या ओवाळल्या. माझा अंधश्रद्धेला सक्त विरोध. तिच्या समाधानासाठी डोळे मिटून बसले. म्हणजे एक मिटला, दुसरा मिटत आलेलाच होता.

१८ फेब्रुवारी
व्याख्यान. गावचं मंदिर गच्च भरलेलं. माईकवाला किशोर सुरुवातीपासून लाजत होता, मध्येच माईक टाकून पळाला. आई मागाहून म्हणाली, "तू त्याला सारखा डोळा मारत होतीस गो!"
शेवटी साळूबाई उठल्या. "डोळ्याला काय झालं? मसाज केलास काय?"
सत्य हे माझं तत्त्व. म्हणाले, "नाही. नुसतं चोळलं."
हशा अजून कानात आहे.

१९ फेब्रुवारी
मॅडम खूप बोलल्या. बोलणं चालू असतानाच साळूबाई जीप भरून बायका घेऊन आल्या, डोळा बघायला. त्यातल्या निम्म्यांनी इंजेक्शनची चौकशी केली. मॅडमनी मला फलकाशेजारी खुर्ची दिली, माझा फोटोही काढला. आता फलक वाचायची गरज नाही. माझ्याकडे बघून बायका आपोआप कपाळावरचा हात काढतात. थोडक्यात, प्रात्यक्षिक विभागप्रमुख! नोकरीचं विचारलं. मॅडम म्हणाल्या, "सध्या हा डोळा फार कामाचा आहे." म्हणजे पक्कीच.

२४ मार्च
सकाळी आरशात पाहिलं. डोळा टक्क उघडा. आईने नारळ फोडला.
क्लिनिकमध्ये मॅडम म्हणाल्या, "वा, छान बरा झाला. उद्यापासून नाही आलीस तरी चालेल." फलकावर माझा पापणी पडलेला फोटो, फ्रेम करून. आम्हा दोघांत तोच पर्मनंट झाला.
येताना एसटीत दोन्ही डोळ्यांतून सारखंच पाणी आलं. म्हणजे शास्त्रीयदृष्ट्या पूर्ण बरी आहे.