घर बंद

आई, तू जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी आज तुझ्याशी भांडायला बसले आहे. तुझ्याच आरोग्य उपकेंद्रावर नर्स म्हणून आले, तेव्हा कपाटातल्या तुझ्या जुन्या नोंदवह्या मी आधी कपाळाला लावल्या होत्या. काय तुझं ते अक्षर! मोत्याचे दाणे.

नव्वदच्या दशकातली ती स्वयंपाकाची खोली डोळ्यांपुढं येते. तव्यावर भाकरी फुगते आहे, तू पाटावर वही घेऊन बसली आहेस आणि मी यादीतली नावं वाचते आहे. खालच्या गावातल्या नावांपुढं तू वजन, इंजेक्शन, गोळ्या सगळं लिहितेस. डोंगरावरच्या धनगरवाड्यातली नावं आली की दोनच शब्द, 'घर बंद'. "ही माणसं कधीच घरात नसत्यात व्हय गं?" मी विचारते. "जनावरं घिऊन रानात जात्यात. तू नावं वाच." मला ते पटतं. कारण शाळा बुडवायला तापाची खोटी चिठ्ठी लिहिली, तेव्हा तूच मला हाताला धरून बाईंपुढं उभं केलं होतंस. "लिवलेलं खोटं जन्मभर ऱ्हातं," म्हणाली होतीस. कुणाला सांगत होतीस गं?

परवा लसीचा डबा खांद्याला अडकवून धनगरवाड्यावर गेले. कुटुंबांची नावं जुळवायला तुझी वही सोबत होती. दोन तासांचा चढ. तुझे दुखरे गुडघे आठवले, नाही असं नाही. वरच्या घरातल्या म्हातारीनं गडवाभर ताक दिलं. "खालच्या बाईंची लेक न्हवं तू? तोंडावरनंच वळकलं." मी सहज म्हणाले, "आजी, मागं तुमचं घर कायम बंद असायचं म्हणं." ती हसायलाच लागली. "बंद? कशानं? दारच न्हाय की आमाला. ही ताटी हाय, शेरडं आत शिरू नयेत म्हणून."

काठ्यांची नुसती ताटी, आई. ना कडी, ना कोयंडा.

मग तिनं थोरल्या सुनेचं सांगितलं. पहिलटकरीण. पाय सुजलेले, डोकं ठणकायचं. बाई येतील म्हणून रोज वाटेकडं तोंड करून बसायची. शेवटी झटके आले. घोंगडीची झोळी करून चौघांनी खाली उतरवली. कोल्हापूरला पोचायच्या आत गेली, पोटातल्या जिवासकट. ती सूज तुला एका नजरेत कळली असती. मला तुझा राग आला, इतका की रडूही येईना.

"तुझ्या आईनं आमच्या सुनंचं काय लिवलंय, बघ की," म्हातारी म्हणाली. नाव सापडलं. तीन महिने, तीनदा, 'घर बंद'. म्हातारीला वाचता येत नव्हतं. मी त्या ओळीवर बोट ठेवून वाचलं, "वाट खचली. जाता आलं नाही."

"खरं हाय," ती म्हणाली. "वाट लई वंगाळ. त्यांचा तरी काय दोस?"

हा कागद कुठं धाडणार? तुझ्याच वहीत घालून कपाट लावते. पण मी तुला वाचवायला खोटं वाचलं असं समजू नकोस. तिनं मला तुझी लेक म्हणून ओळखलं होतं, आणि तिच्या ताकाचा गडवा अजून माझ्या हातात होता.