अर्धी दाढी

अहो,

तुमचा पत्ता ठाऊक नाही, म्हणून हे दुकानातल्या तुमच्या हार घातलेल्या फोटोमागे खोचणार आहे. फोटोतून सगळं दिसलंच असेल, तरी माझ्या तोंडून ऐका.

काल लेकाला चहा द्यायला दुकानात गेले, तर तुमच्या खुर्चीत तो जाड्या गवंडी, तोंडभर फेस. म्हणतो कसा, "रात्री बायकोला एक ठेवून दिली. आता कशी सुतासारखी सरळ झालीय."

बाकावरचा शिंपी सवयीनं हसायला गेला. तुमच्या वेळी तुमच्या खालोखाल तोच हसायचा.

आपल्या लेकानं वस्तरा पुसून ठेवला आणि गवंड्याच्या अंगावरचं कापड काढलं. एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर रान तसंच.

"काका, उरलेली दाढी काकूंची माफी मागून आल्यावर."

"अरे, असा जाऊ रस्त्यानं?"

"काकू सकाळी सुजला गाल घेऊन इथूनच गेल्या की."

गवंड्यानं शिंप्याकडे बघितलं. शिंप्यानं पाय आखडून त्याला वाट करून दिली.

संध्याकाळी मी दुकानात असतानाच गवंडी बायकोला घेऊन आला. माफी मागितली होती म्हणे. लेकानं तिलाच विचारलं, "काकू, करू का पुरी?"

तिनं नवऱ्याला नीट न्याहाळलं. "आज राहू दे. उद्या बघू."

सगळं दुकान हसलं, शिंपी सगळ्यात मोठ्यानं.

माझा डावा कान तुम्ही त्या दिवशी अशीच एक ठेवून देऊन कामातून घालवलात ना? तिचं ते बोलणं मला त्या कानानंसुद्धा ऐकू आलं.

तुमची नव्हे, आता
लेकाची आई