जमलं तर ये

सर, आज कारखान्यात मी पुन्हा तुमची गोष्ट सांगितली आणि पहिल्यांदाच ती कुणाला तरी पटली नाही. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, आणि जवळजवळ तितकीच वर्षं मी ती सांगत आले आहे. बारामती एमआयडीसीतल्या एका दुधाच्या कारखान्यात मी कामाच्या सूचना लिहिते. कुठली टाकी कधी धुवायची, टोपी कुणी घालायची, कुठल्या दारातून कुणी जायचं नाही, हे सगळं आधी इंग्रजीत लिहायचं, कारण तपासायला येणारे साहेब इंग्रजी वाचतात, आणि मग मराठीत लिहायचं, कारण काम करणारी माणसं मराठी वाचतात. वाचली तर. नव्या लोकांना शिकवायलाही मीच उभी राहते. शॅल म्हणजे सक्ती, शुड म्हणजे केलेलं बरं, मे म्हणजे मुभा, कॅन म्हणजे जमण्यासारखं. आमच्या धंद्यात या चार शब्दांचे अर्थ ठरवूनच दिलेले आहेत, त्यात कुणाची मर्जी चालत नाही. एवढं सांगेपर्यंत समोरची माणसं जांभया द्यायला लागतात. मग मी तुमची गोष्ट काढते आणि जांभया थांबतात.

तुम्हाला वाटेल, मी तागडीची गोष्ट सांगत असेन. तीही सांगते. आम्ही नववीत होतो. आदल्या दिवशी शाळा सुटताना तुम्ही मला म्हणालात, "उद्या येताना घरची तागडी घिऊन ये. वजनं बी आण समदी." माझे वडील इंदापूरच्या बाजारात पेरू आणि भाजी विकायचे, आणि बाजार नसला की तागडी आमच्या दाराआड टांगलेली असायची. मी ती सायकलच्या कॅरिअरला बांधून आणली. वाटेत पारडी एकमेकांवर आपटत होती आणि रस्त्याकडेची माणसं विचारत होती, काय पोरी, शाळेत भाजी विकतीस का. तुम्ही ती फळ्याशेजारच्या खिळ्याला अडकवली, पाच किलोचं वजन उचललंत आणि म्हणालात, "हे मस्ट." दोन किलोचं शुड. एक किलोचं कॅन. अर्धा किलोचं मे. आणि पन्नास ग्रॅमचं चिमुकलं वजन चिमटीत धरून, "हे माइट. फुंकर मारली तर उडंल." पुस्तकात असं काही नाही, हेही तुम्ही लगेच सांगून टाकलंत, पण पुस्तकातलं आमच्या ध्यानात राहत नाही त्याला तुम्ही तरी काय करणार. एक जण उठून म्हणाला, माझा बाप आत्ता बाजारातच असणार, याला कुठलं वजन. तुम्ही पुन्हा पाच किलोचंच उचललंत. "मस्ट दोन कामं करतं. येक सक्तीचं, येक खात्रीचं. दोन्ही जडच." आणि मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, सर, कुड हॅवला, म्हणजे 'करता आलं असतं'ला, किती. तुम्ही हात झटकलेत. "त्याला वजन न्हाय. जे झालंच न्हाय ते पारड्यात कसं ठिवणार?"

त्यानंतर तुम्ही आम्हाला घरी बोलतात ती मराठी वाक्यं सांगायला लावलीत आणि वजन ज्याचं त्याने ठेवायचं. माझी पाळी आली तेव्हा मी आईचं वाक्य सांगितलं, "बघ, जमलं तर हंडा भरून ठिव." वाक्य मऊ होतं, म्हणून मी अर्ध्या किलोचं वजन ठेवलं. तुम्ही ते उचललंत आणि त्या जागी पाच किलोचं ठेवलंत. तागडी एकदम खाली गेली आणि पोरं हसली. तुम्ही म्हणालात, "आईनं म्हटलंय न्हवं? मग जमलं तर म्हंजी भरायचाच. आपल्याकडं वजन शब्दात नसतं, गळ्यात असतं. इंग्रजी मानसाला बिचाऱ्याला ते शब्दात घालावं लागतं." सर, कारखान्यात तागडी सांगताना मी माइटपाशी थांबते. हा शेवटचा भाग मी आजवर एकदाही सांगितलेला नाही.

तुमचा मारही आठवतो, म्हणजे हाताचा नाही, तोंडाचा. चुलतबहिणीच्या लग्नासाठी मी हेडमास्तरांना इंग्रजीत अर्ज लिहिला होता. मराठीत आपण लिहितो, मला दोन दिवसांची रजा मंजूर करावी. त्यातल्या "करावी"ला मी मस्ट लावला आणि मोठ्या ऐटीत लिहून टाकलं की तुम्ही मला रजा दिलीच पाहिजे. तुम्ही तो अर्ज भर वर्गात वाचून दाखवलात आणि विचारलंत, "हेडमास्तर तुझ्या बांधावर रोजानं कामाला हायेत का?" मी रडले. रविवारी मला भिगवणला तुमच्या घरी बोलावून, स्वयंपाकघरात पाटावर बसवून तुम्ही तो अर्ज पुन्हा लिहून घेतलात. तेव्हापासून दर रविवारी मी यायला लागले. तुम्ही काकूंना मुद्दाम इंग्रजीत विचारायचात, कुड यू प्लीज मेक अस सम टी, आणि काकू तव्यावरच्या चिलापी माशावरून नजर न काढता म्हणायच्या, "च्या टाक म्हना की सरळ. येवढं लांबून कशाला येताय?" तुम्ही माझ्याकडे बघून म्हणायचात, बघ, नम्रपणा चालत न्हाय हितं. मग चहा यायचा, मग मासा यायचा, काटे तुम्ही काढून द्यायचात, आणि वुडचा धडा तिथेच झाला. जुन्या सवयी सांगायला वुड. माणूस असायचा, करायचा, द्यायचा. हे लिहिताना त्या स्वयंपाकघरातल्या तेलाचा वास इतका जवळ येतो की जीव कासावीस होतो. तुमची फार आठवण येते, सर. मोठ्या बाईने असं लिहू नये, पण येते.

नोकरी लागली तेव्हा पेढे घेऊन आले होते. तुम्ही कपाटातून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलंत. मला वाटलं पुस्तक. निघालं आमचंच अर्ध्या किलोचं वजन. तागडीच्या दिवशी ते तुमच्या टेबलाच्या खणात राहिलं होतं आणि नऊ वर्षं ते परत द्यायची तुम्हाला लाज वाटत होती. त्या वजनावरून वडील मला केवढं बोलले होते, आणि शेवटी त्यांनी नदीतला एक दगड तोलून घेऊन त्यावर बाजार चालवला होता. हे मी सांगितलं तेव्हा तुम्ही कानाला हात लावलात. "तुज्या बापाला सांगू नकोस. तुज्याकडंच ठिव. मे हाय ते. परवानगी. कुठं बी जा." ते आता माझ्या टेबलावर सूचनांच्या कागदांवर असतं. पंख्याने काही उडत नाही.

आता ती गोष्ट, जी मी सांगते. तुमचं ऑपरेशन झालं आणि तुम्ही घरी आलात. एका शुक्रवारी तुमचा फोन आला. आवाज बारीक झाला होता. तुम्ही म्हणालात, "रविवारी जमलं तर ये. कामं असतील तर ऱ्हाऊ दे. तसं काय न्हाय." मी म्हणाले, बघते सर. रविवारी मी गेले नाही आणि बुधवारी तुम्ही गेलात. कारखान्यात मी हे असं सांगते, की रात्रंदिवस सूचना लिहून माझं डोकं सूचनेसारखं झालं होतं, मला "जमलं तर" म्हणजे मुभा वाटली, आणि "राहू दे" म्हणजे गरज नाही असं वाटलं. म्हणून, मी म्हणते, नेमकं लिहा. सूचनेत "जमलं तर" कधी लिहू नका, त्याने माणूस जातो. एकदा एक साहेब डोळे पुसत माझ्याजवळ आले होते. मला ते आवडलं होतं.

आज नव्या लोकांत लोणी देवकरकडच्या एक मावशी होत्या, तिकडच्या कारखान्यात बरीच वर्षं काढून आमच्याकडे आलेल्या. माझी गोष्ट संपली आणि त्या म्हणाल्या, "मॅडम, येक इचारू का?" मी म्हटलं, विचारा. "तुमी भिगवनकडच्याच न्हवं?" मी हो म्हटलं. "मग मास्तरांनी ऱ्हाऊ दे म्हनल्यावर तुमास्नी कळलं न्हाय? आमच्याकडं तर बारक्या पोराला बी कळतं. आजारी मानूस अजून कसं बोलावनार?" त्यांच्या बोलण्यात खोच नव्हती. त्यांना खरंच नवल वाटलं होतं. मी हसले आणि म्हणाले, इंग्रजीने बिघडवलं मावशी, आणि पुढचं पान उलटलं. दुपारी मात्र डबा उघडला आणि तसाच बंद करून ठेवला.

ही थाप पहिल्यांदा मी काकूंना मारली होती. तुमच्या दहाव्याला आले तेव्हा काकू माझ्याशेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "रविवारी सकाळीच दाढी केली त्यांनी. मला बाजारात धाडलं, चिलापी आनायला. त्यांना तर खायचं न्हवतं. म्हनले, ती यील, तिला लागती." त्यात तक्रार नव्हती, त्या नुसतं सांगत होत्या. आणि मी काय बोलले असेन, सर? मी म्हणाले, काकू, सरच म्हणाले होते, राहू दे. सोमवारी तपासणी होती आणि सरच म्हणाले. काकूंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "व्हय," त्या म्हणाल्या, "ते तसंच म्हनायचे." त्यानंतर मी त्यांच्याकडे गेले नाही. आता त्या मुलीकडे असतात, आणि भिगवणच्या घरात दुसरं कुणी राहतं. हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी टाकलं नसतं. अर्ध्या किलोखाली ठेवून देईन.

पण तुम्हाला तरी खरं सांगते. मला कळलं होतं. तुम्ही "तसं काय न्हाय" म्हणालात तेव्हाच कळलं होतं, फोन कानाला असतानाच. माझ्या "जमलं तर"वरचं अर्ध्या किलोचं वजन तुम्हीच उचलून पाच किलोचं ठेवलं होतं, ते मी विसरणार होते होय? इंग्रजीने माझं काही बिघडवलेलं नाही. शॅल आणि मे यांच्यात जीव गुंतलेली मुलगी आईने, आत्याने, शेजारणीने उच्चारलेलं प्रत्येक "राहू दे" बरोबर ओळखत होती, आजही ओळखते. तपासणी सोमवारी होती हे खरं, पण माझे कागद शनिवारी दुपारीच तयार झाले होते. रविवारी स्कूटरमध्ये पेट्रोल होतं. बारामतीहून भिगवण तासाभराचंसुद्धा नाही. घरात कुणी आजारी नव्हतं, कुणी पाहुणे नव्हते. ऊन होतं, आठवडाभराची दमलेली होते, आणि तुम्हाला अंथरुणात बघायचं या विचाराने पाय जड झाले, असंही म्हणता येईल, पण तेही मागाहून सुचलेलं आहे. खरं एवढंच की मला कंटाळा आला होता. पुढच्या रविवारी जाऊ, असं म्हणून मी केस धुतले, जेवले आणि झोपले. उठले तेव्हा चार वाजले होते. चार वाजताही निघता आलं असतं.